सव्वीस माणसांचं समुद्रकाठचं घर: आठ बेडरूम नकोत, दहा फुटी पडवी हवी

प्रश्न थोडक्यात असा. चार भावंडं, दोघं नागपुरात, एक वर्ध्याला, बहीण पुण्यात. तीन पिढ्या धरून २६ माणसं, सगळ्यात मोठ्या आजी ८१ वर्षांच्या, सगळ्यात लहान नातू दोन वर्षांचा. गुहागर तालुक्यात समुद्राजवळ १६ गुंठे जागा पाहिली आहे, विसार देऊन झाला आहे. सगळ्यांनी मिळून सुट्टीचं घर बांधायचं. मनातलं चित्र असं: तळमजला आणि वर एक मजला, आठ बेडरूम, प्रत्येकीला अटॅच बाथरूम, समुद्राकडे पूर्ण काच, वर पार्टीसाठी गच्ची, जमलं तर स्विमिंग पूल. यात काय ठेवावं, काय काढावं?

मी नागपुरात २८ वर्षं आर्किटेक्ट आहे. त्यातली सात घरं कोकण किनाऱ्यावर केली, सगळी विदर्भातल्या कुटुंबांची. पहिल्या दोन घरांत मी माती खाल्ली आहे, तेव्हा खाली जे सांगतेय त्यातलं बरंचसं त्या मातीच्या चवीवरून.

आधी कॅलेंडर घ्या, नकाशा नंतर. सव्वीसच्या सव्वीस जण वर्षातून किती दिवस तिथे असाल? मुलांच्या परीक्षा, कोणाची रजा, कोणाचं दुकान हे सगळं धरून मे महिन्यात आठ दिवस आणि एखाद्या दिवाळीत पाच. मधे कधी चार-सहा जण आठवडाभर जाऊन येतील. उरलेले तीनशेच्या वर दिवस घराला कुलूप. मुंबईच्या माणसाचं अलिबागचं घर वेगळं, तो शुक्रवारी रात्री निघतो आणि सोमवारी परत येतो. तुम्हाला नागपूरहून गुहागर हजार किलोमीटरच्या घरात आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला तरी तो तुम्हाला भिवंडीजवळ सोडतो, पुढचा कोकणचा रस्ता उरतोच. नागपूर–मडगाव विशेष गाडी चिपळूणला थांबते, तिथून पुढे पुन्हा गाडी करायची. थोडक्यात, ‘चला, शनिवारी जाऊन येऊ’ हा प्रकार नाही. म्हणून मी या घराचे दोन गिऱ्हाईक मानते. एक म्हणजे २६ माणसांची तेरा दिवसांची गर्दी, आणि दुसरं ते कुलूप. आठ बेडरूमचा बंगला या दोघांच्याही कामाचा नाही.

आता जागेबद्दल, कारण विसार देऊन झालाय हे वाचून जरा धस्स झालं. ‘समुद्र दिसतो’ ही जाहिरातीत गोड वाटणारी गोष्ट सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नकाशात कडू ठरू शकते. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर दोन प्रकार आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरती रेषेपासून ५० मीटर, त्याहून विरळ असेल तर २०० मीटर पट्टा ना-विकास क्षेत्र. आणि ही रेषा तुम्ही त्या दिवशी पाणी जिथे पाहिलं तिथून मोजत नाहीत, नकाशावर आखलेल्या भरती रेषेपासून मोजतात. २०० ते ५०० मीटरमध्ये घराला परवानगीची वाट आहे, पण उंची ९ मीटर आणि तळ अधिक एक मजला इतकीच. शिवाय तिथे भाषा गावठाण आणि पारंपरिक हक्कांची आहे, म्हणजे बाहेरगावच्या माणसाने ‘चालतं हो, सगळेच बांधतात’ या वाक्यावर एक रुपयाही देऊ नये. गट नंबर टाकून किनारा व्यवस्थापनाच्या नकाशावर जागा कुठे पडते ते लेखी घ्या. जवळून खाडी जात असेल तर तिची रेषा वेगळी. जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो. विदर्भातला सातबारा त्यासाठी चालतो, पण चारही भावंडांच्या नावावर आहे का ते बघा. कोकणातल्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग असते, त्यातले दोन मुंबईला आणि एक कुठे आहे ते कोणालाच माहीत नसतं. हे वकिलाचं काम आहे, स्थानिक वकील धरा.

एक गोष्ट मात्र वकील सांगणार नाही: जागेपर्यंत ट्रक जातो का? माझ्या तिसऱ्या घराला शेवटचे दीडशे फूट पाखाडी होती, जांभ्याच्या पायऱ्यांची, चार फूट रुंद. प्रत्येक चिरा, प्रत्येक सिमेंटची गोणी डोक्यावरून गेली. खर्चाचा अंदाज तिथेच कोसळला.

आता हवा. नागपूरकराच्या हाडात एक घर बसलेलं असतं. जाड भिंती, लहान खिडक्या, सकाळी नऊला सगळं बंद, खिडकीत खसच्या ताट्यांचा कूलर. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की पाणी उडतं आणि हवा गार होते. कोकणात तोच कूलर लावलात तर पाणी उडायला हवेत जागाच नसते; खोली गार होत नाही, फक्त गाद्या ओल्या होतात. एका काकाजींनी माझं न ऐकता नागपूरहून दोन कूलर टेम्पोत घालून नेले होते. दुसऱ्या दिवशी ते कूलर नारळाच्या बागेत, आणि काकाजी पंख्याखाली. तिथे थंडावा म्हणजे फक्त अंगावरून वाहणारा वारा. दिवसा तो समुद्राकडून येतो, खारा वारा. रात्री जमीन आधी गार होते आणि वारा उलटतो, जमिनीकडून समुद्राकडे, त्याला तिकडे मतलई म्हणतात. म्हणजे झोपण्याच्या वेळचा वारा पूर्वेकडून. आणि लोक काय करतात? समुद्र पश्चिमेला म्हणून सगळ्या मोठ्या खिडक्या पश्चिमेला, पूर्वेला बाथरूमची एक झरोक्याएवढी खिडकी. मग रात्री एसी. प्रत्येक झोपायच्या खोलीला समोरासमोर दोन बाजूंनी खिडक्या, यावर मी भांडते. त्यामुळे घर आपोआप एका खोलीच्या रुंदीचं, लांबट होतं. तुमची जागा कोकणातल्या बहुतेक आगरांसारखी अरुंद पट्टी असेल, समजा ६० फूट बाय २९० फूट, तर दोन खोल्या मागेपुढे न ठेवता मधे अंगण सोडून दोन लांबट भाग करा.

पश्चिमेच्या काचेचं काय करायचं? काढून टाका. तीच बाजू दुपारी चारपासून उन्हाने भाजते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिच्यावरच नैर्ऋत्येचा पाऊस आडवा आपटतो. नागपुरात वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिकडे तीन हजारांच्या वर. आणि तो वरून पडत नाही, समोरून येतो. काचेच्या सरकत्या दारांच्या खालच्या पट्टीत आधी वाळू बसते, मग मीठ, मग पाणी आत.

काचेच्या जागी दहा फूट खोल पडवी घ्या, आणि तिची वळचण सात फुटांवर आणा. इथे प्रत्येक गिऱ्हाईक बिथरतं: ‘मॅडम, इतकं खाली? मग समुद्र कसा दिसेल?’ समुद्राचं क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. आरामखुर्चीत बसलात तर चार फुटांवर, उभे राहिलात तर साडेपाच फुटांवर. सात फुटांची वळचण समुद्राचा एक इंचही झाकत नाही, ती झाकते वरचं पांढरं, डोळ्यांत घुसणारं आकाश. मे महिन्यात पाच वाजता सूर्य इतका कललेला असतो की दहा फूट पडवीच्या आतल्या भिंतीवर ऊन जेमतेम दोन फुटांपर्यंत चढतं. मी गिऱ्हाइकाला जागेवर नेते, दोन बांबू रोवून सात फुटांवर दोरी बांधते आणि मागे दहा फुटांवर खुर्ची ठेवून बसवते. त्यानंतर कोणी वाद घातलेला नाही.

ही पडवी म्हणजेच तुमचं घर. सकाळचा चहा, पत्ते, लहानांची झोप, मोठ्यांची झोप, जेवण, भांडण, सगळं तिथे होणार आहे. जेवणाचा हिशोब सांगते. २६ माणसांचं टेबल कोणी करत नाही, केलं तर ते वर्षभर वाळवीला जेवू घालतं. दोन पंगती समोरासमोर, प्रत्येकी १३ माणसं, माणशी दोन फूट, म्हणजे २६ फूट लांबी. पाट आणि ताट मिळून साडेतीन फूट, दोन्ही बाजूंचे सात, मधे वाढणाऱ्याला तीन. झाले दहा फूट. ही पडवीची रुंदी मी हवेत ठरवलेली नाही. लांबी ३६ ठेवा, उरलेल्या दहा फुटांत झोपाळा. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी भिंतीला लागून दीड फूट उंचीचा, सलग कट्टा, समोर घडीची टेबलं. रात्री त्याच कट्ट्यावर चार पोरं झोपतात.

झोपण्याचं गणित बघा. आठ बेडरूम दोन-दोन माणसांच्या धरल्या तरी सोळाच होतात, दहा जण कुठे? हॉलमध्ये. म्हणजे आठ खोल्या बांधूनही गाद्या घालायच्याच. मी चार खोल्या देईन. दोन खाली, पूर्वेच्या अंगणाकडे, आजीसाठी आणि त्यांच्या वयाच्या कोणासाठी. त्यांना अटॅच बाथरूम, उंबरा नाही, कमोडशेजारी धरायला दांडा, रात्री दिव्याचं बटण पलंगावरून हाताला लागेल असं. दोन लहान खोल्या, दहा बाय अकरा, जोडप्यांसाठी. दार लागणारी खोली कोणाला द्यायची हे त्या-त्या वर्षी ठरतं: नवं लग्न झालेलं, जावई पहिल्यांदा आलेले, कोणाचं तान्हं बाळ. बाकीच्यांना दोन मोठ्या कोठ्या, चौदा बाय बावीस. एक खाली माजघरासारखी, एक वर माळ्यावर. भिंतीला लागून पावणेदोन फूट उंचीचे पक्के ओटे, त्यावर गाद्या. मधे मोकळं. पोरांना विचारा, त्यांना अटॅच बेडरूम नको असते, त्यांना माळा हवा असतो.

आणि खोल्यांना भावांची नावं देऊ नका. हे मी कळकळीने सांगतेय. एका घरात पाच भाऊ, पाच खोल्या, प्रत्येकाची ठरलेली. पहिल्या वर्षी मजेत गेले. दुसऱ्या वर्षी एकाने जाताना आपल्या खोलीला स्वतःचं कुलूप लावलं, आतल्या टीव्हीच्या काळजीने. तिसऱ्या वर्षी पाचही खोल्यांना पाच कुलपं. धाकट्याकडे चौदा पाहुणे गेले, तर त्यांच्यासाठी उघडी एकच खोली. बाकीचे पडवीत डास मारत बसले. त्या दिवाळीला नागपुरात दोन भाऊ एकमेकांकडे फराळाला गेले नाहीत. आता मी खोल्या कोणाच्याच ठेवत नाही, पण प्रत्येक कुटुंबाला कोठारात कुलपाचं एक कपाट देते, तीन फूट रुंद, पूर्ण उंचीचं. आपापल्या चादरी, आपापला डबा, आपापलं कुलूप. माणसाला स्वतःचं कुलूप लागतंच, ते कपाटाला लागलेलं बरं.

बाथरूमवर मात्र हात सैल सोडा. ‘एवढे बाथरूम कायले पायजे?’ हा प्रश्न प्रत्येक घरातले एक मोठे भाऊ विचारतात, आणि आठ अटॅच मागणारेही तेच असतात. अटॅच बाथरूमचा तोटा असा की त्यापुढे बेडरूमचं दार असतं. आत नवं जोडपं झोपलेलं, मग सकाळी सात वाजता कोण कडी वाजवणार? बाथरूम रिकामं आणि बाहेर रांग. लहानगी वगळून २२ माणसं धरा, आंघोळीला माणशी १५ मिनिटं. चार न्हाण्या असतील तर शेवटच्या माणसाचा नंबर सव्वा तासाने लागतो, तेही कोणी ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून आत घुसलं नाही तर. माझा आराखडा असा: दोन अटॅच, आणि मागच्या पडवीला लागून एका ओळीत चार न्हाण्या आणि चार संडास, वेगवेगळ्या दारांचे, मधे सहा नळांची लांब मोरी. शाळेसारखं दिसतं म्हणून नाकं मुरडली जातात. पण सकाळी साडेआठला सगळे पोह्यांवर हजर असतात. गरम पाण्याला सोलर, आणि एक तांब्याचा बंब. करवंट्या आणि झावळ्यांना तिकडे तोटा नाही, आणि पोरांना तो पेटवण्यातच सुट्टी वसूल झाल्यासारखी वाटते.

समुद्रावरून येणाऱ्या वाटेवर, घराच्या पायरीच्या वीस फूट आधी, उघडं स्नान: दोन शॉवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर चार नळ, खाली जांभ्याची फरसबंदी. त्याचं पाणी सरळ गटारात सोडू नका. आधी दोन फूट खोल टाकी, वाळू तळाला बसेल, वरचं पाणी माडांना. हे केलं नाही तर चौथ्या दिवशी घरातल्या सगळ्या मोऱ्या तुंबतात आणि गावातला एकमेव प्लंबर लग्नाला गेलेला असतो.

पाण्याचा हिशोब: माणशी १३५ लिटर धरायची पद्धत आहे, म्हणजे २६ जणांना ३५०० लिटर. वाळू धुणं, ओले कपडे, पाहुणे धरून मी ४५०० धरते आणि तीन दिवसांचा साठा ठेवते. तुम्ही जाणार मे महिन्यात, विहीर तळाला गेलेली असते तेव्हा. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून पंपाने उपसा वाढवला की खारं पाणी आत सरकतं, आणि एकदा सरकलं की वर्षानुवर्षं विहीर बिघडते, तुमची आणि शेजाऱ्याचीही. भरती रेषेजवळच्या पट्ट्यात उपशावर बंधनंही आहेत. म्हणून विहीर जमिनीकडच्या टोकाला, आणि सेप्टिक टँकचा शोषखड्डा तिच्यापासून किमान १८ मीटर लांब, उताराच्या बाजूला. शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही तेवढाच. साठ फुटी पट्टीत हे बसवणं सोपं नाही. नकाशावर मी विहीर आणि शोषखड्डा आधी मांडते, उरलेल्या जागेत घर.

आता माझी माती खाण्याची गोष्ट. पहिलं घर. मी नागपूरच्या सवयीने स्लॅबला सळईखाली जेमतेम २० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारं काँक्रीट, दिलं होतं. मिस्त्री स्थानिक, त्याने कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सळईखाली सरकवले, त्यातले अर्धे काँक्रीट ओतताना निसटले. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं, तेच काँक्रीटमध्ये आणि तेच वर मारायला. मी हजार किलोमीटरवर, फोनवर ‘झालं का?’ विचारत. चौथ्या पावसाळ्यानंतर छताला सळईच्या रेषेत तांबूस चरे दिसले, पुढच्या वर्षी प्लास्टरचा थाळीएवढा पोपडा झोपाळ्यावर पडला. झोपाळा रिकामा होता म्हणून वाचलो. मीठ सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि काँक्रीट आतून फुटतं. दुरुस्तीचे निम्मे पैसे मी दिले.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात हे सगळं लिहिलेलं आहे: किनाऱ्याच्या हवेतल्या काँक्रीटला कव्हर ४५ मिलिमीटर, दर्जा किमान एम-३०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नाही. लाटांचे तुषार थेट लागत असतील तर ५० मिलिमीटर आणि एम-३५. आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. पाणी प्रयोगशाळेत तपासा, जिभेवर नाही. खाडीची वाळू फुकट मिळाली तरी नको. सिमेंट स्लॅगचं, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं, घ्या, ते मिठाला जास्त दाद देत नाही.

खरं तर लोखंड जितकं कमी तितकं बरं. म्हणून मी आता जांभ्याच्या चिऱ्याच्या भारवाहू भिंती, वर लाकडी वासे आणि मंगलोरी कौलं, असं घर करते. आरसीसी फक्त भिंतींवरून फिरणाऱ्या पट्ट्यांना आणि माळ्याखालच्या स्लॅबला. गच्चीवरची पार्टी विसरा. सपाट गच्ची म्हणजे तीन हजार मिलिमीटर पाण्याला दिलेलं आमंत्रण. लाकूड आपलंच न्या. बल्लारपूरच्या डेपोतलं सागवान गुहागरच्या छपरात बघून आमच्या एका आजोबांना जो आनंद झाला तो समुद्र बघूनही झाला नव्हता.

छपराबद्दल दोन शब्द जास्त. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन–दिवेआगरच्या भागात जमिनीवर आलं. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासत गेलं. वारा छपराला दाबत नाही, उचलतो. त्यामुळे छपराचा प्रत्येक वासा खालच्या आरसीसी पट्टीला धातूच्या पट्टीने बांधलेला हवा, आणि कडेच्या व आढ्याच्या ओळींतली कौलं स्क्रूने पक्की. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडवीचं छप्पर मुख्य छपराचाच लांबवलेला भाग करू नका. वेगळं, खालच्या पातळीवर बसवा. वादळात पडवी गेली तर पडवीच जाईल, घर उघडं पडणार नाही.

धातूंचं एका वाक्यात: स्टेनलेस स्टील लागेल तिथे ३१६ दर्जाचं, ३०४ नको, नागपुरात ३०४ आयुष्यभर चमकतं, तिकडे पहिल्याच पावसाळ्यात त्यावर चहा सांडल्यासारखे डाग येतात. बिजागऱ्या आणि कड्या पितळेच्या.

स्वयंपाकघर दोन. आत एक लहान, चहा, दूध, आजींचा वरणभात. दुसरं मागच्या पडवीत, उघडं, मोठ्या शेगड्यांचं. तिथे तुमचा सावजी रस्सा शिजेल, त्याचा तिखट ठसका समुद्राच्या वाऱ्याने घरात जाणार नाही अशा बाजूला, म्हणजे पूर्वेला. मासे साफ करायला त्याहून लांब, विहिरीच्या विरुद्ध टोकाला दगड आणि नळ. घरात न खाणारे असतातच, आणि त्यांच्या नाकासमोर सुरमई चिरली तर सुट्टी दुसऱ्याच दिवशी कडू होते. ओटा एक उभ्याचा, एक बसून काम करायचा. बायका तिकडे जाऊनही स्वयंपाकघरातच राहतात अशी तक्रार माझ्याकडे दर वेळी येते, आणि ती खरी आहे. आराखडा इतकंच करू शकतो की ओट्यावरून समुद्र नाही तरी पडवी दिसावी आणि भांडी घासायची मोरी बाहेर, चारचौघांत असावी, म्हणजे पुरुषांना ती दिसत नाही असं म्हणता येणार नाही.

कुलपाचा विचार. बंद घरात ओल कोंडते आणि पावसाळ्यात चार महिन्यांत बुरशी सगळीकडे. म्हणून प्रत्येक खोलीत छताखाली जाळी लावलेल्या, कधीच बंद न होणाऱ्या फटी. समुद्राकडच्या पडवीला पावसाळ्यापुरते झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचे आडोसे, आता कोणी विणत नसेल तर लाकडी पट्ट्यांच्या काढत्या-घालत्या ताट्या. प्लायवूडचं फर्निचर शून्य. कडप्प्याचे कप्पे, सागवानी पलंग. गाद्या जमिनीपासून वर, उघड्या मांडणीवर, उभ्या. विजेचे दोन भाग करा: एक पंप आणि बाहेरच्या दिव्यांचा, तो चालू राहील, दुसरा बाकी घराचा, निघताना एका बटणात बंद. आणि राखणदार. गावातलं एखादं कुटुंब, त्यांना वेगळ्या दाराची खोली, ठरलेला पगार, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा सगळी दारं-खिडक्या उघडायची लेखी बोली. बांधायच्या खर्चाच्या दोन टक्के दर वर्षी बाजूला टाकायचे, चौघांनी सारखे, जे गेले नाहीत त्यांनीही. हे बांधकामाआधी ठरवा, नंतर ठरत नाही.

पूलबद्दल विचारलं होतं. नको. तीनशे दिवस त्या पाण्याकडे बघायला कोणी नाही आणि तेरा दिवस तुमचा दोन वर्षांचा नातू आहे.

कामाचा मोसम दसऱ्यापासून मृगापर्यंत. एका मोसमात पाया आणि भिंती, छप्पर मेच्या मध्यापर्यंत चढलंच पाहिजे. नाहीतर उघड्या भिंती पाऊस पितात. दुसऱ्या मोसमात आतलं काम. म्हणजे या दिवाळीला सुरुवात केलीत तर पुढच्या नाही, त्यापुढच्या मे महिन्यात पंगत.

पण विसारापुढचे पैसे देण्याआधी एकदा जुलैत जा. चार दिवस, गावातच कोणाकडे खोली घेऊन. आजींना नेऊ नका, घरातल्या एका वहिनीला आणि सगळ्यात जास्त कुरकुर करणाऱ्या भावाला न्या. जागेवर पाणी कुठे साठतं, शेजारचे लोक कुठल्या बाजूला झाप लावतात, विहिरीत पाणी किती फुटांवर आहे, आणि जागेच्या कुठल्या कोपऱ्यात छत्री उलटी होते, एवढं एका कागदावर लिहून आणा. सातबारा आणि तो कागद घेऊन या, मग पेन्सिल हातात घेऊ.